वरची जागा

"पाण्याला हटवलं म्हणून आपण माणसं झालो," क्राइन फेरकाइक म्हणाला, "नाहीतर बेडूकच राहिलो असतो. या देशाचा सगळा इतिहास एवढ्या एका वाक्यात आहे."

वाक्य दगडात कोरून ठेवावं असं होतं. ते हवेत विरायच्या आत वाउटरची शवपेटी कबरीतून वर आली.

अगदी बाहेर नाही आली. दोर सैल सोडल्यावर ती आधी शहाण्यासारखी खाली गेली, मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली आणि डोक्याकडच्या बाजूने वीतभर वर उचलली गेली. कडेने काळं पाणी बुडबुडलं.

"इतिहास मागाहून सांग," कबर खणणारा बास्तियान दातांतून पुटपुटला, "आधी त्या टोकावर वजन दे."

क्राइन चर्चच्या कारभारी मंडळींपैकी एक, त्यामुळे त्याला रविवारच्या काळ्या कोटात का होईना, बांबू घेऊन उभं राहणं भाग होतं. दोघांनी दोन टोकांनी पेटी दाबून धरली. पाद्रीबाबांनी प्रसंगावधान राखून आणखी एक स्तोत्र सुरू केलं. घाईत उघडलेलं पान नेमकं महापुराचं निघालं, पण आता गायला सुरुवात झाली होती. वाउटरची बायको मीना काठावर उभी राहून सगळं पाहत होती. ती रडली नाही.

"जन्मभर हे असंच," ती म्हणाली. "झोप म्हटलं की उठायचा."

शेवटी बास्तियानने पेटीवर विटा रचल्या, त्यावर चिखल लोटला आणि वाउटर देवाघरी म्हणजे खाली गेला.

आमच्या स्लागव्हेनमध्ये जमीन ही तशी मनाची समजूत आहे. खाली खांबभर खोल पीट. पीट म्हणजे हजारो वर्षांचं शेवाळ आणि लव्हाळं, मेलेलं पण न कुजलेलं, पाण्यात भिजलेल्या केकसारखं. गाय चालली की शेजारच्या गाईला हादरा बसतो. पूर्वजांनी त्यात चर खणले, पवनचक्क्यांनी पाणी उपसलं, वर कुरणं केली. पाणी उतरलं की जमीन सुकायची, सुकली की खचायची, खचली की पुन्हा पाण्याला भिडायची. मग पाणी आणखी खाली न्यायचं. असं शेकडो वर्षं चाललं, आणि दर वेळी आपण जिंकलो असं समजून मंडळी कॉफी प्यायला घरात गेली. चर्च तेवढं लाकडी खांबांवर उभं, म्हणून ते जागच्या जागी राहिलं आणि गाव त्याच्या पायाखालून उतरत गेलं. क्राइनच्या आजोबांच्या लहानपणी चर्चच्या दाराला पायरी नव्हती. आता मीनाबाई वर चढताना मध्ये एकदा थांबून दम खाते आणि पूर्वजांना नावं ठेवते.

दफनभूमी चर्चच्या मागे, भोवती गोल चर. जागा थोडी, म्हणून आमच्याकडे नवराबायकोला शेजारी शेजारी पुरत नाहीत, एकावर एक पुरतात. जो आधी जाईल तो खाली, मागून येईल तो वर. दगड एकच. क्राइनची बायको लाइस्बेत तीन हिवाळ्यांपूर्वी गेली. दगडावर तिचं नाव, तिची दोन्ही सालं. त्याखाली ‘क्राइन फेरकाइक’, जन्माचं साल, एक आडवी रेघ आणि पुढे गुळगुळीत मोकळा दगड. असे अर्धवट दगड आमच्या गावात बरेच आहेत. दर रविवारी चर्चला जाताना माणसाला स्वतःचं नाव वाचायला मिळतं. त्याने म्हणे माणूस नम्र होतो. क्राइन झाला नाही, पण एखादा अपवाद असायचाच.

जागा घेतली तेव्हा लाइस्बेत म्हणाली होती, "चाळीस वर्षं शेजारून घोरणं ऐकलं. आता वरून ऐकायचं."

"तू आधी गेलीस तर."

"मीच जाणार आधी. तुला कुठलं काम वेळेवर जमलंय?"

ते तिचं खरं झालं. शेवटच्या वर्षी तिचे हात चालेनासे झाले होते. सकाळी गाईंचं आटपलं की क्राइन तिच्या मागे स्टूल ओढून बसायचा आणि तिची वेणी घालायचा. गाईचा दोर वळण्याखेरीज त्याला दुसरं काही वळता येत नव्हतं, त्यामुळे वेणी तशीच व्हायची. ती आरशात बघायची आणि म्हणायची, "मला गोठ्यात नाही बांधायचंय, क्राइन." तीच वेणी घेऊन ती खाली गेली. त्यानंतर क्राइनला कशाचं फारसं वाटेनासं झालं. फक्त आपली वरची जागा आहे, एवढं त्याला रोज सकाळी एकदा मनात तपासून घ्यावं लागे, जसं काही लोक खिशातली किल्ली चाचपतात.

त्या मार्चमध्ये, चर-बांध सांभाळणाऱ्या पाणीमंडळाचा एक साहेब गावच्या सभागृहात आला. त्याने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. आजवर पाणी खाली नेत गेलो ती चूक झाली, तो म्हणाला. सुकलेलं पीट कुजतं आणि त्याचा वायू होऊन आभाळात जातो, सगळ्या जगाची हवा तापते. आता पाणी वर आणायचं, गवताच्या मुळांपासून हातभर खाली ठेवायचं, आणि तिथेच राहू द्यायचं. कायमचं.

"आणि दफनभूमी?" क्राइनने विचारलं.

साहेबाने चष्मा पुसला. पेटी पाण्याच्या वर राहायला हवी असा कायदा आहे, तो म्हणाला. त्यामुळे नवीन दफन बंद. जे खाली आहेत त्यांना कुणी हात लावणार नाही. बाकीच्यांसाठी वाळूच्या टेकडीवर नवी दफनभूमी आहे, बसने अर्धा तास. झाडी फार सुंदर आहे.

"झाडी बघायला पाठवताय का आम्हाला?" बास्तियान मागून म्हणाला.

"तिकडे कॅथलिक आहेत," मीनाबाईने आमच्या प्रोटेस्टंट सभेला माहिती पुरवली.

"आता वाउटरची पेटी तरंगली, ते तुम्ही सगळ्यांनीच पाहिलं," साहेब मऊ आवाजात म्हणाला.

"तो हट्टी होता," मीनाबाई म्हणाली. "त्याच्यावरून गावाला मोजू नका."

क्राइन उठला. त्याने विचारलं, की समजा, दफनभूमी आपोआप कोरडी राहिली, तर? साहेबाला घरी जेवायला जायचं होतं. तो म्हणाला, ऑक्टोबरात तपासणी करू. तोवर तुमच्या चरातलं पाणी स्वतःहून खाली राहिलं, तर तेवढ्या तुकड्याला अपवाद करता येईल. सभेने टाळ्या वाजवल्या. साहेबही टाळ्या वाजवू लागला. आपण काय कबूल केलं हे त्याला बहुधा गाडीत बसल्यावर कळलं असावं.

स्वतःहून खाली राहिलं तर. क्राइनने ते वाक्य घरी नेलं आणि वाटाण्याच्या सूपबरोबर चघळलं.

दफनभूमीच्या चरातलं पाणी एका लाकडी बांधाने अडवलेलं आहे. दोन खांब, त्यांना खाचा, खाचांत एकावर एक सरकवलेल्या आडव्या फळ्या. पलीकडे मोठा चर, हातभर खाली. फळी वाढवली की अलीकडचं पाणी चढतं, काढली की उतरतं. त्या फळ्यांना मंडळाच्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. शेजाऱ्याची बायको पळवलीत तर गाव वर्षभर बोलेल. फळी काढलीत तर नातवंडांनाही ऐकून घ्यावं लागेल.

क्राइनचा हिशेब साधा होता. वरची फळी काढली तर दिसेल. सगळ्यात खालची काढली आणि तिच्या वरच्या फळ्या खाचेत पाचर मारून जागच्या जागी टांगत्या ठेवल्या, तर वरून सगळं ठीक दिसेल आणि पाणी खालून निघून जाईल. प्रश्न वेळेचा होता. आमच्या गावात नेहमी कुणी ना कुणी खिडकीत असतं. नसतं ते फक्त रविवारी, प्रवचनाच्या वेळी. आणि प्रवचनाला गैरहजर राहणं हे फळी काढण्याहून मोठं पाप.

पाद्रीबाबांच्या प्रवचनाचे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला सगळं चर्च एकेक पेपरमिंटची गोळी तोंडात टाकतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोळीच्या मध्ये क्राइन पोटावर हात ठेवून, चेहरा वाकडा करून, हळूच उठला. म्हातारपणाला एवढी सवलत आहे. पहिल्या रविवारी त्याने पाचर ठोकली. दुसऱ्या रविवारी फळी सैल केली. तिसऱ्या रविवारी ती बाहेर ओढली आणि तिरडी ठेवायच्या खोपटात, तिरडीच्याच खाली, सरकवून दिली. तिसरी गोळी त्याने प्रत्येक वेळी जागेवर बसून खाल्ली.

गावाने त्याच्या लघवीबद्दल मनापासून काळजी केली. मीनाबाईने त्यावर औषध म्हणून भोपळ्याच्या बिया पाठवल्या. बास्तियानने शहरातल्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं, "हात थंड आहेत, पण माणूस चांगला."

त्या वर्षी उन्हाळाही मदतीला आला. जूनपासून पाऊस नाही. सगळीकडे मंडळ नदीचं पाणी आत सोडून चर भरून ठेवत होतं, फक्त दफनभूमीचा चर उतरत गेला. काठावरचा चिखल तडकला. गवत पिवळं पडलं. पायाखाली जमीन पहिल्यांदाच जमिनीसारखी वाजू लागली. "देवाची इच्छा स्पष्ट आहे," पाद्रीबाबांनी प्रवचनात सांगितलं आणि त्यावर तीन भाग केले. सगळ्यांनी समाधानाने गोळ्या चघळल्या. क्राइनला पाद्रीबाबांच्या तोंडून देव आपल्या वतीने खोटं बोलतोय असं वाटलं, पण त्याने तक्रार केली नाही.

जुलैत चित्स्के आली. विद्यापीठाची मुलगी, दूर उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांताची, म्हणजे आमच्या दृष्टीने जवळपास परदेशी. उन्हाने सोललेलं नाक, कमरेपर्यंत चिखल. मंडळाने तिला साऱ्या पंचक्रोशीत ठिकठिकाणी मोजमाप करायला नेमलं होतं. ती गवतावर एक काचेसारखी पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, तिला नळी जोडायची, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राकडे बघत बसायची. दफनभूमीत तिने नेमकी लाइस्बेतच्या दगडाजवळची मोकळी जागा निवडली.

क्राइनने तिला कॉफी नेऊन दिली आणि बिस्किटाचा डबा पुढे केला. आमच्याकडे एक बिस्किट घेतात आणि डबा लगेच बंद होतो. तिने दोन घेतली. क्राइनच्या हातून झाकण जरा जोरात लागलं.

"काय मोजतेस?"

"श्वास."

"कुणाचा?"

"जमिनीचा."

क्राइनने आजूबाजूच्या दगडांकडे पाहिलं. "इथे असं काही बोलताना जरा जपून, पोरी."

ती हसली. मग तोंडात बिस्किट घोळवत तिने सांगितलं. पीट म्हणजे मेलेलं सगळं, पण पाण्यात बुडालेलं. पाण्याखाली हवा पोचत नाही, त्यामुळे मेलेलं खाणारे जीव तिथे उपाशी राहतात, आणि शेवाळ हजारो वर्षं शेवाळच राहतं. पाणी उतरलं की हवा आत शिरते.

"मग पंगत बसते, काका."

"आणि जेवून उठल्यावर काय उरतं?"

"काही नाही. वायू. तुम्ही सगळे म्हणता ना, जमीन खाली जाते? खाली कुठे जायला जागा आहे? बरीचशी वर जाते." तिने बोट आभाळाकडे केलं. आभाळ निळं आणि अगदी रिकामं होतं.

क्राइनने ते थोडा वेळ पाहिलं.

"मला इथलं एक कोडं उलगडत नाही," चित्स्के म्हणाली. "त्या कुरणात पाणी वर आहे, तिथे जमीन कशी गप्प झोपलीय. इथे धापा टाकतेय. दुप्पट-तिप्पट. पाणी जातंय कुठे इथलं?"

"वय झालं," क्राइन म्हणाला. "सगळ्यांचंच जातं."

ती हसली नाही. यंत्राकडेच बघत होती. त्यानेही बघितलं. लाल आकडा हळूहळू चढत होता, घाई न करता, जिना चढणाऱ्या माणसासारखा.

"आणि माणूस?" त्याने विचारलं.

"काय माणूस?"

"शेवाळ टिकतं म्हणतेस. माणूस?"

तिने दगडाकडे पाहिलं. दगडावर त्याचं नाव आहे हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण बिस्किट चावायची ती थांबली.

"कसं पीट आहे त्यावर असतं, काका."

"असंच."

"असं ओलं राहिलं तर... टिकतो. आमच्या गावाजवळ पीट काढताना एक बाई सापडली होती. किती शतकं पडून होती कुणास ठाऊक. चामडं काळं झालेलं, पण वेणी तशीच."

"वेणी?"

"वेणी. टोकाची गाठसुद्धा सुटली नव्हती."

"आणि कोरडं झालं तर?"

"कोरडं झालं तर जसं सगळीकडे होतं तसं. थोड्या वर्षांत काही उरत नाही." मग ती घाईने म्हणाली, "हा आकडा पीटचा आहे. गवताच्या मुळांखालच्या पीटचा. तो... दुसरा कुणाचा नाही."

"ते कळलं मला," क्राइन म्हणाला. त्याने तिला डबा पुन्हा पुढे केला. आमच्या गावात असं याआधी झाल्याचं कुणाला आठवत नाही.

त्या दिवसापासून त्याची सकाळची चाचपणी बिघडली. वरची जागा आहे का? आहे. पण खाली कोण आहे, हा प्रश्न त्याने आजवर कधी विचारलाच नव्हता. खाली लाइस्बेत आहे, आणखी कोण असणार? आता तो गोठ्यात बादली धरून उभा राही आणि दोर बघून त्याचं मन भलतीकडे जाई. फळी परत टाकली, तर ती खाली आहे तशी राहील आणि तो वाळूत जाईल, सुंदर झाडीखाली, कुणा परक्या माणसावर. फळी तशीच ठेवली, तर तो तिच्यावर येईल. पण येईपर्यंत ती कुठे असेल? क्राइनची तब्येत चांगली होती. डॉक्टर म्हणाला होता, अजून दहा वर्षं सहज. डॉक्टरला ती चांगली बातमी वाटली होती.

आणि हे तूच केलंस, हे कुणी त्याला म्हटलं नाही. म्हणणारी खाली होती.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस आला. पहिल्या जोरदार सरीनंतर सकाळी क्राइन दफनभूमीत गेला, तर बास्तियान वाळूची हातगाडी घेऊन आधीच हजर. लाइस्बेतच्या कबरीवरचं गवत मध्यभागी खाली बसलं होतं. गादीवर कुणीतरी एका कुशीवर झोपून नुकतंच उठून गेलं की खळगा राहतो ना, तसा.

"झाकण बसलं," बास्तियान म्हणाला आणि फावड्याने वाळू टाकायला लागला.

"म्हणजे?"

"म्हणजे झाकण रे. पेटीचं. पाणी होतं तोवर लाकूड कुजत नव्हतं, आणि पाणी आतून उचलूनही धरत होतं. कोरडं पडलं, लाकडाचा भुगा झाला, वरची माती आत गेली. या उन्हाळ्यात पाच-सहा बसल्या अशा. मीनाच्या वाउटरची नाही बसली अजून. हट्टी."

क्राइन खळग्याच्या काठाशी उकिडवा बसला.

"अरे, चांगलंच आहे की," बास्तियान म्हणाला. "लवकर मोकळं होतंय. खालच्याने अंग चोरलं की वरच्याला ऐसपैस. माझ्या खणत्या हातांची शपथ, तुझी जागा आता पक्की. पुढच्या आठवड्यात तो चष्मेवाला येईल, काठी टाकून बघेल, कोरडं ठणठणीत. अपवाद घेऊन जाईल."

"तू माती टाकू नकोस."

"वाळू आहे."

"वाळूही टाकू नकोस."

"मग काय, खड्डा ठेवू? पावसाचं पाणी साठेल त्यात."

"साठू दे," क्राइन म्हणाला, आणि बास्तियानने फावडं टेकवून त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्या रविवारी पाद्रीबाबांचा विषय होता कृतज्ञता, तपासणी तोंडावर आलेली म्हणून. दुसरी गोळी झाली. क्राइन उठला. या वेळी पोटावर हात ठेवायला विसरला.

खोपटातली फळी जड झाली होती. चराच्या काठावर त्याने कोट काढला आणि काळ्या बुटांसकट आत उतरला, कारण बूट काढत बसलो तर विचार करायला वेळ मिळेल अशी त्याला भीती वाटली. आत पाणी थोडं, चिखल फार. पाचर उन्हाने दगडासारखी झाली होती. ती निघता निघेना; खोपटातल्या हातोड्याने ठोकून त्याने ती कशीबशी काढली आणि काठावर टाकली. टांगलेल्या फळ्या त्याने एकेक करून उपटल्या आणि काठावर फेकल्या. हात सोलवटले. खालची फळी खाचेत बसवायची तर तळातला गाळ हाताने काढावा लागत होता. खांद्यापर्यंत हात घालून तो काळा लगदा बाहेर टाकत राहिला. त्यात काड्या होत्या, पानं होती, एक शेवाळाचा तुरा होता, अजून हिरवट. त्याने तो तळहातावर धरून पाहिला. हा कोणत्या राजाच्या काळातला असेल कुणास ठाऊक. बघता बघता हवेत तो तपकिरी झाला.

तिकडे तिसरी गोळी झाली. प्रवचन संपलं. शेवटचं गाणं झालं. क्राइनची जागा रिकामीच.

"काहीतरी झालंय त्याला," मीनाबाई म्हणाली. "बिया खाल्ल्याच नसणार."

सगळं गाव पायऱ्या उतरून मागे आलं. काळे कोट, काळ्या टोप्या, बायकांच्या हातात गाण्याची पुस्तकं. चराच्या काठावर ते एका रांगेत उभे राहिले, आणि खाली मांडीपर्यंत चिखलात, सदऱ्याच्या बाह्या काळ्या झालेला क्राइन फेरकाइक शेवटची फळी ठोकून बसवत होता. रविवारी. हातोड्याने.

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. मग बास्तियानला कळलं. त्याने काठावरची पाचर उचलली, उलटसुलट करून पाहिली.

"फळी तू काढली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"मार्चपासून?"

"हो."

"म्हणजे देवाची इच्छा..." पाद्रीबाबा म्हणाले आणि वाक्य तिथेच ठेवलं.

"आणि आता परत का घालतोयस?" बास्तियानचा आवाज चढला. "अरे, दोन दिवसांनी तपासणी आहे! खोटं तर खोटं, सगळ्यांची सोय झाली होती! माझी जागा आहे तिथे. आई-बापांच्या पायाशी आहे. मीनाची आहे, त्या हट्ट्यावर. तुझ्या एका बायकोसाठी सगळ्या गावाला वाळूत घालतोस?"

क्राइनने फळीवर हात ठेवला. अलीकडे पावसाचं पाणी आताच तिला टेकून चढायला लागलं होतं.

"बास्तियान," तो म्हणाला, "तुझी आई किती वर्षं आहे तिथे?"

"तीस झाली असतील."

"पाण्यात होती तोवर आईच होती. या उन्हाळ्यात मी तिला उघड्यावर आणली. तुझ्या आईला, माझ्या लाइस्बेतला, सगळ्यांना. त्या पोरीच्या यंत्रावर आकडा चढताना मी बघितला, आणि आपल्याला जागा मिळतेय म्हणून खूश होतो. कुणाच्या शेजारी पडायचं म्हणून आपण भांडतोय, लेका? पाणी राहिलं तर ती तिथे असेल. मी नसेन. पाणी गेलं तर मी असेन." तो थांबला. "तेवढी जागा राखून करायचंय काय?"

मीनाबाईने आपल्या दगडाकडे पाहिलं, ज्यावर तिचंही नाव होतं आणि पुढे रेघ होती. मग ती चरातल्या पाण्याकडे पाहत राहिली. बास्तियानच्या हातात पाचर होती आणि ती तो क्राइनच्या डोक्यात मारेल की चरात टाकेल, हे त्याचं त्यालाही ठरत नव्हतं. लांबवर गाईंचं हंबरणं ऐकू आलं. पाऊस पुन्हा बारीक सुरू झाला. पाणी फळीवर बोटभर चढलं, मग आणखी थोडं, आणि बसलेल्या कबरींच्या खळग्यांत आभाळाचे राखाडी तुकडे दिसू लागले.

पाद्रीबाबांनी हळूच टोपी काढली. ते पाहून बाकीच्यांनीही काढल्या. कुणाचं नव्याने कुणी गेलं नव्हतं आणि तरी साऱ्या गावाचंच गेलं होतं, असा तो क्षण होता, आणि पाद्रीबाबांनाही तो कळला होता. त्यांनी घसा साफ केला. माना खाली गेल्या.

"पाद्रीबाबा," क्राइन खालून म्हणाला, "प्रार्थना करा, माझी ना नाही. पण जरा दमाने. बास्तियान, ती पाचर ठेव आणि हात दे. डावा पाय निघालाय, पण बूट आतच राहिलाय. तेवढा ओढून काढ."